नऊगाव्याच्या जोड्यांविषयी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा जोडे शिवण्याचा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोके शाबूत असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिले नाही, तेही बरेच झाले. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. उलट हे लिहू नये म्हणून मुलानेच चार दिवस माझे डोके खाल्ले.

एक. बँकेतली शिल्लक आणि शिवणयंत्र मुलाला. तो आणि सूनबाई न कंटाळता माझे पथ्यपाणी करतात, याची मला जाणीव आहे. यंत्र विकले तरी चालेल, पण भंगारात घालू नये.

दोन. ज्या नऊगाव्यावर गाणी आहेत, त्याच्या टोळीत मी होतो. आम्ही नऊगाव्याला दादा म्हणायचो. गोदामे फोडायची, धान्य वाटायचे आणि पसार व्हायचे, हे आमचे काम. ठशांवरून माणूस ओळखू येऊ नये म्हणून आम्हा नऊही जणांचे जोडे मी एकाच लाकडी साच्यावर शिवत असे. लहान पायाचे लोक पुढे चिंध्या कोंबायचे, मोठ्या पायाचे बोटे दुमडून चालायचे. एकाच दिवशी नऊ गावांत तोच ठसा सापडला आणि लोक म्हणू लागले, हा माणूस एका वेळी नऊ गावांत असतो, हा नऊगाव्या! आम्ही पोट धरधरून हसलो. तो साचा बाजारात दादांची गाणी म्हणणाऱ्याला द्यावा.

तीन. राहते घर न्हाव्याच्या लेकीला. न्हावी आमच्या टोळीतलाच. मी तापाने फणफणलो होतो तेव्हा त्याने मला दोन दिवस पाठीवर वाहिले, नाहीतर हे लिहायला मी उरलो नसतो. दादा पकडले गेले त्या सकाळी तो शहरात गेला होता, एवढ्यावरून लोकांनी त्याला फितूर ठरवले. त्याच्या खुर्चीत कोणी बसेना. मीही बसलो नाही.

फितूर कोणीच नव्हते. चूक माझी होती. दादांचे पाय सगळ्यांत मोठे, नखे काळीनिळी पडलेली. मला बघवेना, म्हणून मी त्यांच्या मापाचा जोड शिवला. "अरे, बोटं सरळ झाली रे!" म्हणत ते पोरासारखे नाचले. दहाव्या दिवशी नदीकाठी पोलिसांना एकसारख्या ठशांत तो एकच मोठा ठसा दिसला आणि ते थेट मागावर आले. हवालदाराने हे कोर्टात सांगितलेही. पण लोकांना जोड्याचे माप नको होते, फितूर हवा होता.

वकिलाने दादांना विचारले, "हे जोडे कुणी शिवले?"

"चोरीचे आहेत," दादा म्हणाले. "दरोडेखोराला काय विचारता, साहेब!"

सगळे कोर्ट हसले. मी मागच्या बाकावर होतो. माझे लग्न, मुलगा, हे दुकान, सगळे त्या एका उत्तरामुळे झाले. दादा तुरुंगातच वारले. दादा, तुमचे उपकार मी कसे फेडू?

पुढे मी गप्प राहिलो. आधी तुरुंगाची भीती, मग पोर लहान, मग लाज. कारणांचा कधी तुटवडा पडला नाही. न्हावी तो डाग घेऊनच गेला.

चार. माझ्या पश्चात तिसरे कलम बाजारचौकात मोठ्याने वाचावे. गाणाऱ्याने फितूर न्हाव्याचे कडवे काढून टाकावे. तो म्हणतो, "काका, टाळ्या त्यालाच पडतात." पडू देत कमी.

पुरवणी. सहीआधी हे सगळे मी न्हाव्याच्या लेकीला वाचून दाखवले. ती गल्लीच्या टोकाला कपडे शिवते, माझी विचारपूस करते. तिने चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाली, "घर राहू द्या, काका. माझ्या बाबांचं नाव तुम्ही मेल्यावर धुणार? मेलेल्या माणसाला कोण जाब विचारणार?"

घराचे कलम तसेच आहे. हट्टात मी तिला हार जाणार नाही. मात्र चौथ्या कलमातले "माझ्या पश्चात" आणि "वाचावे" हे शब्द मी खोडले आहेत. त्या जागी "उद्या रविवारी, सकाळी दहा वाजता, मी स्वतः" आणि "वाचीन" असे लिहिले आहे. खोडाखोड माझ्या हातची असून शेजारी सही केली आहे.

मुलाने ती खोडाखोड दोनदा वाचली आणि तो म्हणाला, "मी येतो बरोबर, बाबा."

ठिकाण: दुकानाची पुढची खोली
दिनांक: आज, शनिवार
सही: मोची, नऊगाव्याच्या टोळीतला
साक्षीदार: १) डॉक्टर २) गाणारा