नायक गुजरातीत बोलला

१२ ऑगस्ट २०२५, बडोदे

ज्या घरी मी आईने शिवलेले ब्लाऊज पोहोचवते, त्याच घरच्या मुलाची प्रेमकथा लिहायला बसले, या आगाऊपणाची क्षमा असावी.

आज अलकापुरीत त्या घरी निखिलची आई फोनवर मराठीत बोलत होती. मला पाहताच ब्लाऊज ठेवायला टेबलाकडे बोट दाखवून म्हणाली, "त्यां मूकी दो, बेन." कामाच्या माणसांशी त्या घरात गुजरातीच बोलतात. मी मराठी आहे, हे तिला ठाऊक आहे. आणि निखिलला? कालच त्याने मला मराठीत लग्नाचे विचारले होते! तो शेजारीच उभा होता. म्हणाला, "आवजो, बेन."

बेन.

माझ्या कथेतला नायक आईसमोर नायिकेचा हात धरतो. तो शेवट खोडला. आता तोही गुजरातीत निरोप देतो.

कथा निखिललाच पाठवली: १२ ऑगस्ट, सायंकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी.