मधाच्या पट्ट्या

हिवरखेड, सन १९३१

मोठ्या जाऊबाईले वच्छलाचा नमस्कार.

मळ्याच्या वाटणीपासून आपला अबोला होता. तरी उकळत्या तेलानं माझा हात भाजला, तवा रोज दुपारी तुमीच आल्या. मेळघाटातला मध जखमेवर लावत, वरून धुतलेलं फडकं बांधत. तापात मले वाटे, संत्र्याच्या फुलाईत मी तरंगून राहिली.

नवव्या दिवशी तुमी हळूच म्हनलं, "भरली जखम, पोरी. आता मी नाई येत."

जाऊबाई, मी झोपली नव्हती. कोनत्याच दिवशी नव्हती. डोळे उघडले असते तर बोलावं लागलं असतं.

तुमी उंबऱ्यात किती वेळ थांबल्या! मग अमरावतीले बिऱ्हाड नेलं.

चारदा लिहिलं हे पत्र. टपालात टाकवत नाई.

तुमचीच धाकटी,
वच्छला