सत्त्याऐंशी नावांची फ्लॉपी

१ मार्च २००४, सोमवार. सकाळी ६.
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.
कालच्या मीटिंगमध्ये ठरलं. आमच्या मच्छीमार संस्थेचा सचिव, म्हणजे मी, देवानंद नान्हे, वय अडतीस, बारावी (इंग्रजी सोडून), नागभीडला जाऊन कॉम्प्युटर शिकणार. कारण मोठ्या तलावाचा पाच वर्षांचा ठेका जूनमध्ये संपतो. नव्या अर्जाला सत्त्याऐंशी सभासदांची यादी कॉम्प्युटरवर टाइप करून, फ्लॉपीवर, ३१ मेच्या आत चंद्रपूरच्या ऑफिसात द्यायची. नाही दिली तर तलावाचा लिलाव. बाहेरचा ठेकेदार टपूनच आहे. मग सत्त्याऐंशी घरांनी जाळी खुंटीला टांगायची.
जबाबदारी मोठी. पण माणूसही तसाच निवडला आहे.
संकल्प: रोज पाचला उठणे. (आज सहा. सुरुवात आहे.)

तीच तारीख. संध्याकाळ.
एक अडचण. आमचे चेअरमन डोमाभाऊ अंगठा लावतात, पण मधेच त्यांना विचार सुचतात. म्हणाले, "एकाच्याच डोक्शात नोको ठेवू गा देवानंद. डोकं हाय. आपटलं कुठी तं?" म्हणून प्रेमिलाबाईही माझ्यासोबत शिकणार. ती संस्थेची सभासद, दहावी पास, तशीही रोज मासे घेऊन नागभीडच्या बाजारात जाते. टोपलं विकून दुपारी क्लासला येईल.
बिचारी. मी सांभाळून घेईन.

३ मार्च, बुधवार.
पहिला दिवस. जोडे बाहेर काढायला लावतात. मोज्यातून अंगठा बाहेर. उद्यापासून चप्पल.
शिकवणारी आचल मॅडम, एकवीस-बावीस वर्षांची पोरगी. मला काका म्हणाली. मी सर म्हणालो असतो तिला, ती माणूस असती तर.
कीबोर्डवर एबीसीडी क्रमानं नाही. बनवणाऱ्याला येत नसावी. मॅडमला ही चूक दाखवली. ती म्हणाली, जगभर असंच असतं काका. म्हणजे चूक जगभर पसरली आहे.
दोघांत एकच कॉम्प्युटर. माऊस मी घेतला, ते नेतृत्वाचं काम. कीबोर्ड प्रेमिलाबाईला दिला. कष्टाचं काम बायका निगुतीनं करतात.

५ मार्च.
पाचला उठलो. मग परत झोपलो. पण उठलो होतो.

९ मार्च, मंगळवार.
घरी सरावासाठी खोक्याच्या पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढला. स्केचपेन वापरून, एकदम ओरिजिनल. जयाला (बायको) दाखवला. ती म्हणाली, छान आहे.
संध्याकाळी पाहतो तर त्याच पुठ्ठ्यानं चुलीला वारा घालून राहिली! मी ओरडलो. ती म्हणाली, "अवो, पन चूल फुलते बरी."
घरात कलेची कदर नाही. सराव बंद. जबाबदार: जया.

१७ मार्च, बुधवार.
मोठी प्रगती. माऊसवर हात बसावा म्हणून मॅडमनं पत्त्यांचा खेळ लावून दिला. तीन दिवसांत मी त्यात असा तयार झालो की आज सगळे पत्ते लागले आणि स्क्रीनवर उड्या मारायला लागले. क्लासमधली पोरं उठून बघायला आली.
तेवढ्या वेळात प्रेमिलाबाई शेजारच्या रिकाम्या कॉम्प्युटरवर मराठी टायपिंग करून राहिली होती. 'कमळ बघ, गणपत पळ' असं काहीतरी. पायरी-पायरीनं येईल तिला.

२६ मार्च, शुक्रवार.
संस्थेच्या मीटिंगमध्ये माझं भाषण. विषय: कॉम्प्युटर आणि आपण. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाखाली पस्तीस माणसं, खाली फुलांचा सडा, वास असा की शब्द आपोआप फुटत होते. हार्डवेअर म्हणजे होडी, सॉफ्टवेअर म्हणजे ती चालवायची अक्कल, असं समजावलं. हे मी स्वतः शोधलं.
डोमाभाऊंनी विचारलं, "मासे धरते का ते?"
मी म्हटलं, धरत नाही, पण मोजते.
"धरले नाई तं मोजते का?"
लोक हसले. डोमाभाऊंचं वय झालं आहे.
मग कोणीतरी प्रेमिलाबाईला विचारलं, तुले काय येते? ती म्हणाली, "मले अजून काईच नाई येत. नावं लिवता येते निस्ती." किती प्रामाणिक बाई! माझ्या हाताखाली शिकते म्हणून नम्रता आली.

८ एप्रिल, गुरुवार.
यादीचं काम सुरू. पद्धत अशी: मी रजिस्टरमधून नाव वाचतो, ती टाइप करते, मी "पुढचं" म्हणतो. टीमवर्क.
आज नऊ नावं झाली आणि लाइट गेली. सगळं उडालं. मॅडम म्हणाली, सेव्ह केलं नव्हतं का? मी प्रेमिलाबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "भाऊ, सेव्हचं बटन माऊसनं दाबा लागते. माऊस तुमच्याजवळ होता."
तांत्रिक मुद्दा आहे. वाद वाढवला नाही.

२० एप्रिल, मंगळवार.
प्रेमिलाबाई आता परस्पर सेव्ह करते. कीबोर्डवरच दोन बटनं दाबून. माऊस लागतच नाही म्हणते. ही पळवाट आहे. मी मॅडमकडे तक्रार केली नाही, मनाचा मोठेपणा.
वेळ मिळाल्यामुळे पत्त्यांचा नवा विक्रम.

६ मे, गुरुवार.
यादी पूर्ण! सत्त्याऐंशी नावं, वडिलांचं नाव, वय, सगळं कोष्टकात. फ्लॉपी माझ्या शर्टाच्या खिशात. खिसा मुद्दाम पारदर्शक कापडाचा शिवून घेतला आहे. बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, काय आहे हे? मी म्हटलं, गाव.
प्रेमिलाबाई म्हणत होती, "भाऊ, एक छापून घिऊ न कागदावर." मी समजावलं की छापलं की दुरुस्ती होत नाही. कॉम्प्युटरच्या जमान्यात कागद म्हणजे मागासलेपणा.

२२ मे, शनिवार.
परीक्षा. आज अन्याय झाला. दोघांना वेगवेगळ्या मशीनवर बसवलं. टीम फोडली.
मला म्हणाले, एक फोल्डर तयार करा. मी विचारलं, कशासाठी? हेतू कळल्याशिवाय मी काम करत नाही.
निकाल तिथल्या तिथे. प्रेमिलाबाई ८१. मी १९.
दोघांचे मिळून शंभर. टीम म्हणून पैकीच्या पैकी.

२३ मे.
गावात कोणालाच बेरीज येत नाही. चावडीवर पोरं मला "एकोणीस" म्हणतात. जयाही हसली. तोंडाला पदर लावून, पण खांदे हलत होते.
संकल्प: अर्जाचं काम शेवटपर्यंत एकट्यानं करणार. कोणाची मदत नाही. तेव्हा कळेल गावाला.

२९ मे, शनिवार.
मॅडम जेवायला गेली असताना क्लासमध्ये जाऊन फ्लॉपी उघडली. यादी साधी दिसत होती. अक्षर बारीक. ऑफिसात जाणारी गोष्ट देखणी पाहिजे. सगळी नावं मोठी करावी म्हणून मी सगळी निवडली. पूर्ण पान काळं झालं. तेवढ्यात कीबोर्डला हात लागला आणि नावं आत गेली.
आत म्हणजे आतच. कॉम्प्युटरमध्ये वस्तू नष्ट होत नाही, दिसत नाही फक्त. बंद करताना त्यानं विचारलं, बदल सेव्ह करायचे का? मी 'होय' दाबलं. नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही.
प्रेमिलाबाईनं विचारलं, "सोमवारी मी येऊ का संगं?" म्हटलं, तू तुझा बाजार पाहा.

३१ मे, सोमवार. चंद्रपूर. दुपारी १२.३०.
ऑफिसच्या व्हरांड्यात बसून लिहून राहिलो. ऊन असं की भिंतही घामेजली आहे.
बाबूनं फ्लॉपी घातली. यादी उघडली. पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात इंग्रजी 'k'. बस. त्यानं चष्मा पुसला, परत पाहिलं. म्हणाला, "येवढा मोठा तलाव अन् सभासद एकटाच 'के'?"
मी म्हटलं, बाकीचे आत आहेत.
तो म्हणाला, "कोनाच्या आत?"
मशीन जुनी आहे त्यांची.

दुपारी २.
नागभीडला क्लासमध्ये फोन करावा का? प्रेमिलाबाई असेल तिथे. पण एसटीडी बूथवर गर्दी आहे. म्हणजे दोन माणसं. शिवाय तिला त्रास कशाला.

दुपारी ३.
बूथ रिकामा झाला होता. मी पाणी प्यायलो. परत दोन माणसं आली.

दुपारी ३.२०.
खरं लिहितो, कोणी वाचत नाही. जाळी डोळ्यांपुढे येतात. झिंगू म्हातारा दिसतो, त्याला मासे धरण्याशिवाय काही येत नाही. पाचला ऑफिस बंद. आता फोन केला तरी ती साडेपाचच्या आत पोहोचत नाही.
बाबूकडे गेलो आणि हात जोडले. म्हटलं, साहेब, सत्त्याऐंशी घरं आहेत. त्यानं घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "हातानं लिवून द्या. पन वाचता आलं पायजे. रजिस्टर आनलं का?"
रजिस्टर घरी आहे. मी फ्लॉपी आणली होती.

संध्याकाळी ६. पॅसेंजरची वाट पाहत.
झालं!
बाबूनं कोरे कागद दिले, रेघा मारायला पट्टी दिली. मी डोळे मिटले आणि मनानंच घरून निघालो. दारातून बाहेर पडलो की उजवीकडे वारलू. पुढे बुधू, त्याचे दोघं भाऊ. मग विहिरीजवळची सुगंधाबाई. असा घराघरानं गेलो. बापाचं नाव, वय, सगळं येत होतं. कोणाचं लग्न कोणत्या साली, तेही. त्याचा रकाना नव्हता. पाळीवरून, शाळेमागून, खालच्या टोलीतल्या घरांवरून फिरून शेवटी आपल्या दारात आलो. पेन खाली ठेवला.
मोजले तर शहाऐंशी. एक कमी!
परत सगळं गाव फिरलो. डोमाभाऊ आहेत. प्रेमिलाबाई आहे. झिंगू आहे. कोणीच सुटलं नाही. पावणेपाच झाले. बाबू म्हणाला, "एकानं काई होत नाई, द्या." खरंच आहे. रजिस्टरमध्येच मोजायची चूक असणार. खाली माझी लफ्फेदार सही, सचिवाचा शिक्का. चार छप्पन्नला पोच मिळाली.
बाबू म्हणाला, अक्षर छान आहे हो तुमचं. कॉम्प्युटरच्या नादी काऊन लागले?
तलाव वाचला. एकट्यानं वाचवला.

१ जून, मंगळवार.
गावाला सांगितलं की ऑफिसचं कॉम्प्युटर बिघडलं होतं. प्रेमिलाबाई म्हणाली, "मंग फोन काऊन नाई केला भाऊ? कापी होती न क्लासात. दुपारच्या गाडीनं छापूनच पाठवली असती." सगळ्यांसमोर म्हणाली. तिला अजून पुष्कळ शिकायचं आहे.

७ जुलै, बुधवार.
ठेका मिळाला! पाच वर्षं. फटाके. डोमाभाऊंनी मंजूर यादी आणवली, उद्या मीटिंगमध्ये वाचणार. सत्काराची तयारी असावी. पांढरा शर्ट धुवायला टाकला.

८ जुलै, गुरुवार.
पाळीवर सगळं गाव. प्रेमिलाबाईनं यादी वाचली. एकेक जण हात वर करत गेला. शहाऐंशी हात. सगळे हसून-खेळून. मी मधोमध उभा, पांढऱ्या शर्टात.
डोमाभाऊंनी विचारलं, "अन् तुहं नाव कुठी हाय गा, देवानंद?"
मी म्हटलं, असेल वर कुठंतरी.
प्रेमिलाबाईनं वरून खाली पाहिलं. खालून वर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. हसली नाही ती. हसली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "सही हाय भाऊ. नाव नाई."
मग नियम निघाला: सभासद नसलेल्याला तलावात जाळं टाकता येत नाही आणि सचिवही राहता येत नाही. प्रेमिलाबाई सचिव झाली. एकमतानं. मीही हात वर केला होता. झिंगू म्हणाला, तुझं मत धरता येत नाही, हात खाली कर.
जयानं घरी आल्यावर भाकर वाढली. बाजारातून मासे विकत आणले होते.

१२ जुलै, सोमवार.
नव्यानं सभासद व्हायचा अर्ज आज केला. आचल मॅडमच्या क्लासमध्ये, नवीन सचिव प्रेमिलाबाईनं टाइप केला. मी स्टुलावर. मला वाटलं, माऊस धरायला सांगेल. नाही सांगितलं.
तिनं विचारलं, पूर्ण नाव? सांगितलं. वय? सांगितलं. धंदा?
मी म्हटलं, कॉम्प्युटर.
ती थांबली. बोटं कीबोर्डवर तशीच. म्हणाली, "भाऊ, अर्ज खरा लागते."
मग तिनं 'मजुरी' टाइप केलं. मी वाचलं. स्पेलिंग बरोबर होतं.