सात नंबरची चिठ्ठी

प्रिय वहिनी,

अक्षर मोठं काढलंय, हसू नकोस. दोन गल्ल्या ओलांडून यायचं सोडून ही बया पत्र कसलं लिहीत बसलीय, असं तू म्हणशीलच. काल आणि परवा, दोनदा तुझ्या दारापर्यंत येऊन गेले. आत भांडी घासल्याचा आवाज येत होता, तू काहीतरी गुणगुणत होतीस, आणि माझा पाय काही उंबऱ्याच्या आत पडेना. तोंडाने सांगायला गेले असते तर तू नेहमीसारखा विषय बदलला असतास, चहा पाजून माझी बोळवण केली असतीस आणि मीही सुटले बाई म्हणत घरी आले असते. म्हणून लिहितेय. दुपारपासून हा चौथा कागद.

सोमवारपासून मी तपासणी खात्याची मॅनेजर झाले, हे तुझ्यामुळे सगळ्या कारखान्याला कळलंय. मी वाढवलेली पोर, मी वाढवलेली पोर, असं तू कॅन्टीनपासून फाटकापर्यंत सांगत सुटलीस. खोटं कुठे आहे ते? तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी अकरा वर्षांची, आई नसलेली, अंगाने काडी आणि तोंडाने फटकळ. माझ्या वेण्या तू घातल्यास. शाळेत माझ्या बाजूने बाईंशी तू भांडलीस. बारावीत मी दिवे लावले आणि दादा महिनाभर माझ्याशी बोलेना, तेव्हा हाताला धरून या काचेच्या कारखान्यात तूच आणलंस. औषधाच्या रिकाम्या बाटल्या उजेडापुढे धरायच्या, बुडबुडा किंवा तडा दिसला की बाजूला काढायच्या. मला वाटलं होतं, यात काय एवढं? दुपारपर्यंत डोळ्यांना धारा लागल्या. बाटलीकडे बघू नकोस, बाटलीतून बघ, असं तू समजावलंस. नखाने टिचकी मारायलाही शिकवलंस. धड बाटली कशी खणकन वाजते आणि तडा गेलेली कशी बद्द वाजते, ते मला अजून नीट ओळखता येत नाही. तुला गप्पा मारता मारता यायचं.

दोन वर्षांपूर्वी तुझ्या टिचक्या वाढल्या. आधी तू शंका आली तरच वाजवायचीस, मग एकूणएक बाटली वाजवायला लागलीस आणि उजेडापुढे नुसती धरल्यासारखी करायचीस. चष्म्याचा नंबर दोनदा बदललास. एकदा तुझा ट्रे पुढे सरकवताना मला वरच्याच बाटलीत मसुराएवढा बुडबुडा दिसला. तो तुझ्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं, वहिनी. मी बाटली गुपचूप काढून टाकली आणि तुला काही बोलले नाही. काय बोलणार होते? दादाला जाऊन पाच वर्षं झाली होती. घरात तू एकटी. सकाळी डबा घेऊन फाटकात शिरलीस की तुझा चेहरा उजळायचा, ते मी रोज बघत होते. तुझं ते माणसांत असणं मोडायचं माझ्या जिवावर आलं. त्या दिवसापासून भोंगा झाला की मी मागे राहायची आणि सात नंबरची, म्हणजे तुझ्या नंबरची, चिठ्ठी असलेला प्रत्येक ट्रे पुन्हा तपासायची. तुला सांगायची, माझंच काम उरलंय, तू हो पुढे. तू म्हणायचीस, किती गं हळू हात तुझा.

आता यातली गंमत ऐक, आली तर हसू येईल. दुप्पट बाटल्या बघून बघून माझ्या ध्यानात आलं की बुडबुडे येतात ते बहुतेक एकाच साच्याच्या बाटल्यांत. मी भट्टीवाल्यांकडे जाऊन सांगितलं. त्यांनी आधी उडवून लावलं, मग साचा उघडून बघितला आणि मला चक्क धन्यवाद दिले. मग मी कुठल्या दिवशी कुठली खोट जास्त येते ते वहीत लिहून ठेवायला लागले, नव्या मुलींना ते समजावून सांगायला लागले. नुसती वाईट बाटली काढून टाकायची नाही, ती वाईट का झाली ते विचारायचं, हे मी तिथे शिकले. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, रोज अर्धा तास मागे का थांबता? काम अर्धवट टाकवत नाही, असं मी धडधडीत सांगितलं. त्यांनी माझ्या कागदावर लिहिलं, जबाबदारीची जाण. मी टेबलाच्या अलीकडून ते उलटं वाचलं आणि मान खाली घातली. साहेबांना वाटलं लाजली.

मग आठ दिवस मला प्रशिक्षणाला पाठवलं. माणसं कशी हाताळावी, कटू गोष्ट वेळेवर कशी सांगावी, सगळं वहीत उतरवून घेतलं. ते आठ दिवस तुझे ट्रे मागून कोणी बघितले नाहीत. सोमवारी मी नव्या खुर्चीवर बसले, आणि औषध कंपनीकडून परत आलेलं खोकं सगळ्यात आधी माझ्याच टेबलावर आलं. आत सात नंबरची चिठ्ठी. बावीस बाटल्या. मी दार लावून घेतलं आणि एकेक उजेडापुढे धरली. सगळ्यांत बुडबुडे, दोन बाटल्यांच्या तळाला काचेची कुसळं. तडा मात्र एकीलाही नव्हता. जे ऐकू येण्यासारखं होतं त्यातलं तू एकही सोडलं नव्हतंस. मी तिथे बसून रडले, मॅनेजर झाल्याच्या पहिल्याच दिवशी. त्या बाटल्यांत औषध भरलं जाण्याआधी कोणाच्या तरी लक्षात आलं म्हणून निभावलं. काचेचं कुसळ कोणाच्या अंगात गेलं असतं, हा विचार आला की अजून रात्री उठून बसते.

उद्या सकाळी कारखान्यात डोळ्यांचे डॉक्टर येणार आहेत. गेली दोन वर्षं तपासणीला आपण दोघी एकत्र जायचो, मी आधी आणि तू माझ्या मागोमाग. मी तक्त्यावरची अक्षरं मोठ्याने, सावकाश वाचायची, आणि तू तीच घडाघडा म्हणायचीस. आपण त्यावर एकमेकींशी चकार शब्द बोललो नाही. मला वाटायचं, मी तुला सांभाळतेय. तुझ्या डोळ्यांना जे काही झालंय त्यावर तेव्हा इलाज होता की नव्हता, कोण जाणे, कारण कोणी ते बघितलंच नाही, मी तुला पास करत राहिले. याची माफी कशी मागतात, मला माहीत नाही. उद्याच्या यादीत मी तुझं नाव पहिलं लिहिलंय. खाली माझी सही आहे, मॅनेजर म्हणून केलेली पहिली. ती यादी सकाळी फलकावर लागेल, त्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. तक्ताही नवा मागवलाय, तो मीसुद्धा बघितलेला नाही. तुझ्या आधी कोणी वाचणार नाही, वहिनी. जेवढं दिसेल तेवढंच सांग. मी बाहेर बाकावर बसलेली असेन. बाहेर आल्यावर तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस, पण घरापर्यंत सोबत येऊ दे.

तू वाढवलेली, तुझीच,
बारकी