नऊ गवंड्यांचं उदाहरण

अहो एस्तेरचे बाबा,

पत्र लिहायला निमित्त झालं ते गणिताच्या एका उदाहरणाचं. एस्तेरच्या वहीत गुरुजींनी लाल शाईची फुली मारली आणि खाली लिहिलं, "पालकांची सही आणावी." याआधी सही तुम्ही करायचात. काल मी केली. रिबका, तीनच अक्षरं, पण तिसरं रेघेच्या बाहेर गेलं. मग म्हटलं, टाक हातात आहेच, तर तुम्हालाही चार ओळी लिहू. परवा तुमचं वर्ष झालं. झालं म्हणायचं आपलं. खरं तर ते झालंच नाही, आणि ही गोष्ट तुम्हाला सोडून मी सांगू तरी कुणाला?

गणित हा तुमचा प्रांत. कारखान्यातून आलात की कपड्यांवरचा लाकडाचा भुसा न झटकताच ओटीवर बसायचात. कानामागची पेन्सिल काढायची, फळीचा तुकडा मांडीवर घ्यायचा आणि लेकीला शेजारी बसवायचं. बैलगाडीच्या चाकाला आरे किती इथून सुरू व्हायचं, ते थेट त्रैराशिकापर्यंत. मी मध्ये काही बोलले तर म्हणायचात, "रिबका, तू भाकऱ्या मोज." मी हसायचे. पण आता सांगते, मला ते लागायचं. चौथी पास होते मी. एखाद्या दिवशी मलाही त्या फळीजवळ बसवलं असतंत, तर काय बिघडलं असतं?

आता ओटीवर कोणी बसत नाही. एस्तेर आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून अभ्यास करते. दोन ताटं, दोन तांबे. घरात बोलण्यापेक्षा भांड्यांचाच आवाज जास्त.

शमुवेलभावोजी होते तोवर जरा बरं होतं. गेलेल्या बापासाठी मुलानं म्हणायची प्रार्थना ती, आपल्याला मुलगा नाही म्हणून तुमची कद्दीश तेच म्हणत होते. दर शनिवारी आम्ही दोघी सिनेगॉगमध्ये मागे बसून ऐकायचो. पावसाळा उलटला आणि त्यांची बोट ठरली. निघायच्या दिवशी म्हणाले, "वहिनी, तुम्हीही चला इस्राएलला. पनवेलात आता आपलं राहिलंय कोण?"

मी म्हटलं, "तुमचे भाऊ राहिलेत, कबरस्तानात."

त्यांनी वाकून वळकटी उचलली. त्यांना दोष देत नाही. त्यांनाही पोरंबाळं आहेत. पण ते गेले आणि आपल्यातला दहावा माणूस गेला, हे परवापर्यंत माझ्या नीट ध्यानात आलं नव्हतं.

परवा मी पहाटे उठून मलिद्याचे पोहे भिजवले, नारळ खोवला. सिनेगॉगमध्ये माणसं वेळेवर आली. मी मागून बोटांवर मोजलं, नऊ. पुन्हा मोजलं, तरी नऊच. उरणहून तुमचे मामेभाऊ यायचे होते, ते तापानं पडले. दहा बाप्ये असल्याशिवाय कद्दीश म्हणता येत नाही, हे तुम्हाला काय सांगायचं? सगळे थांबले. कोणी दारात जाऊन रस्ता बघून आलं, कोणी उगाचच खोकलं. एवढ्यात एस्तेर माझ्या कानाशी म्हणाली, "आई, आपण दोघी धरून अकरा होतात."

मी तिला गप्प केलं. तुमच्या दुखण्यात अकरा महिने तुमची अंथरुणं-पांघरुणं काढणारी मी, वर्षभर तुमच्या नावाचा दिवा लावणारी मी, आणि मोजणीत मी नाही. तुमची लेकही नाही. याआधी कधी मी यावर रागावले नव्हते. परवा रागावले.

आणि ऐका, जासईचा गोमा आला होता. त्याच्या गाडीची चाकं तुम्हीच केलेली ना? तुमचं वर्ष आहे हे बाजारात कळलं म्हणून गाडी सोडून आला. पायरीवर उभं राहून त्यानं सगळा प्रकार ऐकला आणि मला म्हणाला, "वयनी, एकच मानूस कमी हाय ना? मंग मी ऱ्हातो हुबा. काय बोलाचा ता मना सांगा."

आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दहावाही आपल्याच धर्माचा लागतो, म्हणून नाही सांगितलं. तो रागावला नाही. बाकीच्या प्रार्थना होईपर्यंत पायरीवर बसून राहिला, मलिदा खाऊन गेला. कद्दीश तेवढी राहिली. घरी येताना एस्तेर एवढंच बोलली, "म्हणजे बाबांचं राहिलंच."

दुसऱ्या दिवशी वहीवर ती फुली. उदाहरण असं होतं, तुम्हीही बघा: दहा गवंडी एक भिंत बारा दिवसांत बांधतात. तीन दिवस काम झाल्यावर एक गवंडी निघून गेला. उरलेली भिंत बांधायला नऊ जणांना किती दिवस लागतील?

आपल्या हुशार लेकीनं खाली लिहिलं होतं, "भिंत होणार नाही."

गुरुजींना वाटलं, पोरगी उद्धटपणा करते. त्यांना तरी कसं कळावं? मलाही आधी रागच आला. म्हटलं, "अगं, भिंत होणार नाही असं उत्तर कुठे असतं का?"

"दहातला एक गेला ना? नऊच उरले. मग कसं होईल?"

"एस्तेर, ते गवंडी आहेत. त्यांना भिंत बांधायचीय."

"नऊ जणांनी होत नाही, आई. तू बघितलंस ना?"

तुम्ही असतात तर काय बोलला असतात? मी उठले आणि चिंचोक्यांचा डबा आणला. ओटीवर बसले, हो, तुमच्याच जागी. म्हटलं, "ये इकडे. एक चिंचोका म्हणजे एका माणसाचं एका दिवसाचं काम." दहाची एक ओळ, अशा बारा ओळी मांडल्या. तीन दिवसांच्या तीन ओळी तिनं उचलून डब्यात टाकल्या. उरले नव्वद. मग म्हटलं, "आता नऊच माणसं आहेत. रोजचे नऊ उचल." ती उचलत गेली, मी दिवस मोजत गेले. दहाव्या दिवशी ओटी रिकामी झाली.

तिनं विचारलं, "एकच दिवस जास्त?"

"एकच. जो गेला त्याचं काम बाकीच्यांनी वाटून घेतलं."

बघितलंत? भाकऱ्या मोजणारीनं सोडवलं. मला केवढा आनंद व्हायला हवा होता. पण पोरीनं गुडघ्यांत तोंड घातलं आणि वर्षभरात पहिल्यांदा मोठ्यानं रडली. "मग बाबांचं का नाही वाटून घेतलं कोणी?" असं म्हणत रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

रडणं थांबल्यावर तिनं डोळे पुसले, डोक्यावरून ओढणी घेतली आणि तिथेच उभी राहिली. मला वाटलं, पाणी प्यायला उठली. तर तिनं कद्दीश म्हणायला सुरुवात केली. तुमची कद्दीश. शनिवारी काकांची ऐकून ऐकून तिला पाठ झाली होती, आणि मला पत्ता नाही. शब्दांचा अर्थ तिला येत नाही, मला तरी कुठे येतो? एक-दोन ठिकाणी अडखळली, मागे जाऊन पुन्हा म्हटली. हे रीतीला धरून नाही हे मला माहीत होतं. दहा बाप्ये सोडा, ओटीवर एकही नव्हता. तिला थांबवायला हवं होतं का? तुम्ही रागावलात तर मला रागवा, तिला नको.

कारण जिथे सगळ्यांनी आमेन म्हणायचं असतं तिथे ती थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी एकटी होते. मी म्हटलं, आमेन.

भावोजींचं पत्र आलंय, बोलावतात. आज ना उद्या जावं लागेल, एवढं मलाही कळतं. पण तुमचं राहिलेलं पुरं केल्याशिवाय मी पनवेल सोडत नाही. येत्या सोमवारी तिला घेऊन एस.टी.नं पेणला जाते. तिथे अजून दहा भरतात. त्यांच्याकडून तुमची कद्दीश रीतीप्रमाणे म्हणवून घेते. आणि हा शब्द देते: पुढे कुठल्याही गावात, कुठल्याही देशात आम्ही दोघीच उरलो आणि पोरगी तुमच्यासाठी उभी राहिली, तर आमेन म्हणायला मी तिच्याजवळ असेन.

तुमचीच,
रिबका