पडद्यावरच्या लग्नाचं केळवण

४ ऑगस्ट २०१८, शनिवार

होड्या बंद! पाणी वाढलं म्हणून आजपासून एकही होडी सुटणार नाही. आणि माझ्या पिक्चरचं टायटल काय, तर 'पौने पाँच की नाव'! होडीतलाच शेवटचा सीन राहिलाय. मल्लाहाच्या हातापाया पडले. तो म्हणाला, "बिटिया, गंगा मइया से पूछ लो." विचारलं. मइया काही बोलली नाही.

अठ्ठावीस मिनिटांचा सिनेमा, आणि चार महिने झाले. रोज पावणेपाचच्या होडीत समोरासमोर बसणारी एक मुलगी, एक मुलगा. सव्वीस मिनिटं नुसती भांडतात. उरलेल्या दोन मिनिटांत तिनं त्याला सांगायचंय. काय सांगायचंय, ते मलाच अजून लिहिता आलेलं नाही. दोन्ही घोडी अडली आहेत — होडीही आणि डायलॉगही.

प्रल्हाद कॅमेऱ्यावर प्लास्टिक गुंडाळून निघून गेला. कॅमेरा त्याचा, म्हणून तोराही त्याचा. पद्मा — आमची हिरॉइन — मेकअप पुसत म्हणाली, "यार, अब जाड़े में करेंगे." हिवाळ्यात! हिरो तोवर राहील तर ना. उल्हासला १० सप्टेंबरला हैदराबादला नोकरीवर जायचंय. आणि हा गृहस्थ पायरीवर बसून चुरमुरे खात होता. "हो जाएगा गं. कशाला टेंशन घेतेस?"

याला कशाचीच घाई नाही. मला एवढा राग का येतो याचा?

७ ऑगस्ट

भोसले घाटावर लावलेली पोस्टरं पाण्याखाली गेली. बावीस होती. पूर येतो तर पोस्टर वर लावावं, एवढं डोकं चार शिकलेल्या माणसांना नव्हतं.

१० ऑगस्ट

ठरलं! जशी जमेल तशी फिल्म पूर्ण करायची, आणि उल्हास जायच्या आधी दाखवायची. ब्रह्मा घाटाजवळच्या वाचनालयाचा हॉल बघून आले. ९ सप्टेंबर, रविवार — रिकामा. खरं तर सगळाच महिना रिकामा. व्यवस्थापक म्हणाले, "अभी तो ले लो, जब चाहो." केवढं नशीब!

ट्रेलर टाकला. ३१२ व्ह्यूज. त्यातले निम्मे मीच.

१३ ऑगस्ट

मातीच्या कुल्हडांवर पिक्चरचं टायटल छापून चहावाल्याला द्यायचे, ही माझी आयडिया. दोनशे कुल्हडांवर शिक्के मारले, बोटं निळी झाली. चहा ओतल्याबरोबर शाई गिऱ्हाइकांच्या हाताला. एक पंडितजी निळ्या हातांनी माझ्या अंगावर धावून आले. उल्हास मध्ये पडला, आपल्या उपरण्यानं त्यांचे हात पुसले, वर संस्कृतात काहीतरी बोलला आणि ते हसत गेले. शेवटी वैदिकाचाच मुलगा. बी.कॉम. झाला तरी पाठशाळा जिभेवर आहे.

नंतर मला म्हणतो, "पुढची आयडिया मला आधी सांगत जा."

१५ ऑगस्ट

पुढची आयडिया — लग्नपत्रिका!

इथले मराठी लोक रील बघत नाहीत, पण पत्रिका हातात दिली तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. तेव्हा अगदी खऱ्यासारखी पत्रिका छापायची. वर गणपती, कोपऱ्याला हळद, तारीख ९ सप्टेंबर, मुहूर्त दुपारी ४ वाजून ४५ मिनिटं, स्थळ वाचनालयाचा हॉल. आणि तळाशी, भिंग घेऊन वाचावं लागेल इतक्या बारीक अक्षरात — 'सदर विवाह पडद्यावर संपन्न होईल.' सिनेमात लग्नच नाही, ही गोष्ट वेगळी.

वराचं नाव उल्हास. वधूचं मी पद्मा लिहिलं तर उल्हासनं कागद ओढून घेतला. "तिचे भाऊ मला गंगेत बुडवतील. तुझं घाल. तुझे बाबा काही म्हणणार नाहीत."

म्हणणार नाहीतच. बाबांना सांगितलं तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "फॉन्ट चांगला घे." नागपूरहून बदली होऊन इथं चार वर्षं झाली, आई धाकट्याच्या शाळेसाठी तिकडेच. घरात बाप-लेक दोघंच. बाबा बँकेतले, त्यांना फक्त बँक हॉलिडे पाठ.

चि. उल्हास. चि. सौ. कां. मृणालिनी. खाली-वर. दोनदा वाचलं. तीनदा.

१८ ऑगस्ट

प्रूफ आलं. उल्हासनं प्रेसमध्येच उभ्यानं तपासलं, ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका काढल्या. मग पत्रिकेकडे बघतच राहिला. मी म्हटलं, "काय, अजून चूक आहे?" म्हणाला, "असू दे." आणि हसला.

छापायला दिल्या. शंभर.

२२ ऑगस्ट

उल्हासनं त्याच्या गल्लीत पत्रिका वाटल्या. कुणीही फसलं नाही! सगळे म्हणे वाचल्याबरोबर हसतात आणि "पिक्चर कधी?" विचारतात. त्याच्या वडिलांनी तर नुसता चष्मा वर केला आणि पत्रिका परत दिली. मी एवढी डोकेफोड केली, आणि तळाची ओळ वाचायच्या आधीच यांना कळतं कसं?

लोक येणार आहेत, हे खरं. पण फजिती करायची मजा गेली.

२४ ऑगस्ट

एक जण फसलं! आणि आता मला हसू येत नाही.

कालिंदीताई. उल्हासच्या घरासमोर राहतात, ऐंशीच्या पुढे, मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवायच्या. गल्लीतल्या बायका उपास-तापास अजून त्यांनाच विचारतात. त्यांचा मला फोन — "मृणालिनी ना गं? पत्रिका मिळाली. मंगळवारी दोघांनी जेवायला यायचं. केळवण करते आहे तुमचं."

केळवण! म्हणजे लग्न ठरलेल्या पोरा-पोरीला घरी बोलावून गोडाधोडाचं जेवण. मी तोंड उघडलं, आणि त्या म्हणाल्या, "पुरण घालणारे हं. नाही म्हणू नकोस, या हातांनी बरेच दिवसांत कुणाचं केलं नाही." मी "हो ताई" म्हटलं. फोन ठेवला. मेले!

उल्हासला सांगितलं — बिचारीला बारीक अक्षर दिसलं नसेल, आपण जाऊन खरं सांगू या. तो म्हणाला, "आधी जेवू या. मग बघू." शांतपणे! या मुलाला काळीज आहे की नाही?

२८ ऑगस्ट, मंगळवार

केळवण झालं.

दोन पाट, शेजारी-शेजारी. भोवती रांगोळी. पुरणपोळी, कटाची आमटी, अळूची भाजी, वर तुपाची धार. ताईंनी ओवाळलं. मला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. मी उल्हासच्या कानात पुटपुटले, "त्यांना खरं वाटतंय. आता मन मोडू नकोस, निभावून ने." त्यानं मान हलवली.

मग ताई म्हणाल्या, "हं, आता नाव घ्या. उखाण्याशिवाय घास नाही."

मी डायलॉग लिहिणारी! चार महिने दुसऱ्यांच्या तोंडी वाक्यं घालणारी! माझ्या तोंडून एक अक्षर फुटेना. "मला येत नाही," म्हटलं. ताई "असू दे" म्हणाल्या आणि उल्हासकडे बघितलं. त्यानं क्षणभरही विचार केला नाही —

"गंगेला आला पूर, पायऱ्या गेल्या बुडून,
मृणालिनीचं नाव घेतो सारी लाज सोडून."

आणि घास घेतला. सरळ.

ताईंनी माझी ओटी भरली. हिरवा खण, नारळ, तांदूळ. बाहेर गल्लीत आल्यावर मी म्हटलं, "काय अ‍ॅक्टिंग केलीस! सेटवर का नाही करत अशी?"

तो म्हणाला, "सेटवर तू कट म्हणतेस."

मी हसले. तो नाही हसला. मग एक म्हैस आडवी आली आणि आम्ही आपापल्या वाटेनं गेलो.

२९ ऑगस्ट

मला हा मुलगा आवडतो. लिहून टाकलं.

आवडतो म्हणजे — त्याच्याशी भांडले नाही तर दिवस गेल्यासारखाच वाटत नाही. आणि तो बारा दिवसांनी जाणार. आणि काल एका म्हातारीचं मन राखायला त्यानं माझं नाव घेतलं, आणि तेवढ्यावर मी रात्रभर जागी. मूर्ख!

१ सप्टेंबर

शेवटचा सीन घेतला! पाणी इतकं वर आलंय की होड्या गल्लीच्या तोंडाशी आणून बांधल्यात. प्रल्हाद म्हणाला, "बंधी हुई नाव में ही कर लो, फ्रेम टाइट रखेंगे." तसंच केलं. पोरं होडी हलवायला, मी "हळू, हळू" ओरडायला.

डायलॉगचे अकरा खर्डे फाडले होते. आज पहाटे एकच ओळ राहिली. मुलगी म्हणते — "उस पार मुझे कभी कोई काम नहीं था." बस. रोज पलीकडे जायची, काम काहीच नव्हतं.

पद्मानं एका टेकमध्ये म्हटलं. उल्हास तिच्याकडे बघायच्या ऐवजी कॅमेऱ्याच्या बाजूला, माझ्याकडेच बघत होता. मी "कट! लुक चुकला!" म्हणून ओरडले. दुसऱ्या टेकलाही तेच. तिसऱ्याला त्याचा चेहराच फ्रेमबाहेर ठेवला.

पद्मा साडी झटकत म्हणाली, "डायलॉग किसके लिए लिखा है, हमें सब पता है, मैडम." मी म्हटलं, "चुप." दुसरं काय म्हणणार!

५ सप्टेंबर

एडिटिंग. आवाज पुढे, ओठ मागे. जीव टांगणीला.

खण कपाटात आहे. कपाट उघडलं की तोच दिसतो. ताईंना खरं सांगायला दोनदा त्यांच्या गल्लीपर्यंत गेले आणि परत आले. त्या रविवारी हॉलमध्ये येतील, आणि तिथं बोहल्याच्या जागी पडदा! ऐंशी वर्षांच्या बाईला शंभर माणसांत फसवलं, असं होणार. आधी सांगायला हवं. उद्या.

६ सप्टेंबर

उद्या.

९ सप्टेंबर, रविवार

झालं!!

सकाळी आईचा फोन. आज तिचा उपास. म्हणे, "आज तरी घरात बस गं, आजचा दिवस काही नवं करायचा नाही." का ते विचारायला वेळ कुणाला होता! प्रोजेक्टरची वायर सापडत नव्हती.

पावणेपाचला हॉल भरला. मागे लोक उभे! काका, काकू, पाठशाळेतले शेंडीवाले विद्यार्थी, पद्माचे दोन्ही भाऊ — जोरात हसत. कुल्हडवाले पंडितजीही आले, हात दाखवत, "अब साफ है!" भांडणांवर लोक हसले, अगदी हवं तिथं. आणि शेवटच्या ओळीला टाळ्या. मी भिंतीला टेकून उभी होते.

कालिंदीताई पहिल्या रांगेत. पडदा, सिनेमा, सगळं बघितलं, टाळ्याही वाजवल्या. जाताना माझ्या गालाला हात लावला आणि काही न बोलता गेल्या. त्यापेक्षा दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

उल्हास शेवटी पायऱ्यांवर भेटला. "उद्या साडेअकराची गाडी आहे," म्हणाला. आणि थांबला. चांगला मिनिटभर थांबला. आणि मी, अठ्ठावीस मिनिटांच्या प्रेमकथेची लेखिका-दिग्दर्शिका, काय म्हटलं? "बरं. पोचलास की मेसेज कर."

मेसेज कर! आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

१० सप्टेंबर, सकाळ

कालिंदीताईंच्या घरी बसून लिहितेय, घाईघाईनं. खण परत द्यायला आले होते. म्हटलं, ताई, माफ करा, ते लग्न खोटं होतं, तुम्हाला फसवलं.

ताई पोट धरून हसल्या. "अगं, चातुर्मासात, आणि तेही अमावास्येला, कुणाचं लग्न असतं? सगळी गल्ली तारीख बघूनच हसली. तुला एकटीलाच ठाऊक नव्हतं!"

मग केळवण कशाला केलंत?

"उल्हास पत्रिका घेऊन आला तेव्हा म्हटलं, गाढवा, वैदिकाचा मुलगा ना तू, तारीख तरी बघायचीस. तर म्हणाला, 'तारीख चुकलीय ताई. नावं बरोबर आहेत.'"

म्हणजे तिथं फसलेलं कुणीच नव्हतं, हे त्याला माहीत होतं. उखाणा ताईंसाठी नव्हता.

दहा वाजलेत. गाडी साडेअकराची. ताई म्हणतात मीपण स्टेशनवर येते, लुगडं बदलताहेत. खण माझ्या मांडीवरच आहे, परत घेतला नाही त्यांनी. उखाणा रिक्षात जुळवीन.