वैशाखऱ्याची फळी मारू नये

मी, संघरत्ना पांडू उबाळे, वय एकोणसत्तर, निवृत्त चित्रकला शिक्षिका, राहणार सापगाव, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र माझ्या घराच्या ओटीवर बसून, दिवसाउजेडी, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. मला फूस लावायला आलेला माणूस चहा न घेता परत जातो, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. पुढच्या आठवड्यात ठाण्याला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही कारण नाही. मग एवढ्या कागदांवर सह्या कशाला घेतल्या, असं विचारल्यावर ते नुसते हसले. तेव्हा म्हटलं, आपणही एका कागदावर सही करून ठेवावी. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप एका लाकडी फळीसाठी आहे. घरदार वाटायला चार ओळी पुरल्या असत्या. पण त्या फळीवरून माझा पुतण्या प्रणय आणि माझी विद्यार्थिनी दामिनी यांचं चांगलंच जुंपलं आहे. मी गेल्यावर एक म्हणेल, आत्याची इच्छा अशी होती. दुसरी म्हणेल, बाईंची इच्छा तशी होती. माझी इच्छा मीच सांगितलेली बरी.

याचा कच्चा मसुदा कुणालीने आधी वाचला आहे. तीही माझी विद्यार्थिनी, आता शहापूरला वकिली करते. तिने लाल पेनाने अर्ध्या ओळींखाली रेघा ओढून "अनावश्यक" असं लिहिलं. त्या ओळी मी तशाच ठेवल्या आहेत. या मृत्युपत्राचा अंमल करण्यासाठी मी तिचीच नेमणूक करते. बिचारीला तेवढी शिक्षा हवीच.

कलम १. सापगावचं राहतं घर मी माझ्या पगारातून बांधलं. त्यात दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. हे घर, अंगण आणि मागची शिवणीची झाडं माझा दिवंगत भाऊ सुनिल याचा मुलगा प्रणय यास द्यावीत. मात्र त्याची आई, म्हणजे माझी वहिनी चंद्रकला, हिला हयातभर या घरात राहण्याचा हक्क राहील, आणि स्वयंपाकघरात काय कुठे ठेवायचं ते तीच ठरवेल. मी लग्न केलं नाही. पाठीला फळ्या बांधून डोंगरांच्या पायथ्याशी बसायचे. लोक नाना प्रश्न विचारत. वहिनी पहाटे डबा भरून द्यायची आणि एकच विचारायची, "आज कुठला डोंगर, ताई?" त्या एका प्रश्नासाठी मी तिची जन्मभर ऋणी आहे. हे तिला तोंडावर सांगायला गेले तर ती रडेल आणि भाजी करपेल, म्हणून इथे लिहिते.

कलम २. बँकेत जे काही असेल ते सगळं वहिनीला. किती आहे ते बँकेला माहीत.

कलम ३. माझ्या रेखाटनांच्या वह्या मी जिथे शिकवलं त्या शाळेला द्याव्यात. कपाटात कुलूप लावून ठेवू नयेत. मुलांनी वडापाव खाल्लेल्या हाताने पानं उलटली तरी चालेल. पावसाने, शेणाने आणि एकदा बकरीच्या जिभेने त्या आधीच खराब झालेल्या आहेत. आमचे माजी मुख्याध्यापक वेखंडे सर यांना माझं घडीचं स्टूल द्यावं. सरांनी माझा चित्रकलेचा तास वर्षानुवर्षं गणिताला दिला आणि वर म्हणाले, "मॅडम, डोंगर समोर आहेच की, तो परत काढायचा कशाला?" सर, स्टूल घ्या, माहुलीच्या डोंगरासमोर बसा आणि एक तास काही करू नका. मग उत्तर सुचलं तर मला कळवायची गरज नाही. राग आता राहिलेला नाही. थोडासा आहे.

कलम ४. मुरबाडच्या एका बंद पडलेल्या छापखान्यातून आणलेलं हातयंत्र, माझ्या सर्व पटाश्या, रोलर, शाईचे डबे आणि उरलेला कागद दामिनीला द्यावा. तिच्यावर कोणतीही अट नाही. तिने चित्रं छापावीत, लग्नपत्रिका छापाव्यात, किंवा यंत्र भंगारात घालून स्कूटी घ्यावी. मुलीच्या गळ्यात वारसा नावाचं लोढणं बांधायची मला हौस नाही.

कलम ५. आता फळी.

आमचं काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते, म्हणजे कोर्टालाही समजेल. लाकडाच्या फळीवर चित्र काढायचं आणि नको तो भाग पटाशीने कोरून काढायचा. उरलेल्या उंच भागाला शाई लावून वर कागद दाबायचा. कोरलं ते कागदावर पांढरं राहतं, ठेवलं ते काळं उमटतं. ठरलेल्या प्रती निघाल्या की फळीवर आरपार एक रेघ कोरायची, म्हणजे पुन्हा कोणी तिच्यावरून छापू शकत नाही. याला आम्ही फळी मारणे म्हणतो. माझ्या सगळ्या फळ्या मी रीतसर मारल्या आहेत. एकच जिवंत आहे, वैशाखऱ्याची.

तरुण होते तेव्हाची गोष्ट. माळशेजच्या रस्त्यावर वैशाखरे गावाहून नाणेघाटाचा कडा आणि नानाचा अंगठा हा डोंगर असा समोर येतो की हात शिवशिवतात. मी टेम्पोवाल्याला सांगून ठेवलं, "उद्या येते हो, वैशाखऱ्यात छापा काढायचाय." मला म्हणायचं होतं की जागेवर फळी कोरून तिथेच चित्र छापायचं. टेम्पोवाल्याने गावात जाऊन सांगितलं, उद्या छापा आहे, एक बाई साहेब येणार आहे. गावात गोजाबाईच्या थोरल्या मुलाचं लग्न तोंडावर आलं होतं आणि पाहुण्यांसाठी मोहाची गाळून पिंपं भरून ठेवली होती. पहाटेपर्यंत ती सगळी ओढ्यात गेली.

मी गेले, स्टूल मांडलं, फळी मांडीवर घेतली. आजूबाजूला गाव चिडीचूप. दुपारपर्यंत कोणी फिरकलं नाही. मग गोजाबाई कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"काय गो बाय, तू छापेवाली ना?"

"हो."

"मंग टाक ना छापा! कवाची वाट बगतो आमी. आनी ह्यो काय, डोंगर चितारतेस? आमी सगली वतून बसलो ना गो तुज्या पायी!"

समजल्यावर मला हसावं की पळावं कळेना. गोजाबाई मात्र हसली नाही. "आता लग्नात पावन्यांना काय देऊ? तूच दे काय ते," म्हणाली आणि माझी पिशवी उचलून घरात घेऊन गेली. आधी पाण्याचा तांब्या दिला, मग भात वाढला. मी कोण, कुठल्या वस्तीतली, हे तिने विचारलं नाही. दोन दिवसांनी मीच सांगितलं. ती म्हणाली, "बरं. वरन घे अजून." तांब्या तोच राहिला. माझ्या वडिलांनी सांगितलेले दिवस मला माहीत होते, त्यामुळे त्या "बरं"ची किंमत मला कळली. मी मागच्या अंगणात जाऊन रडून आले.

तर त्या लग्नात पाहुण्यांना दारूच्या जागी चित्र मिळालं. गोजाबाईच्याच घरात बसून, तिच्या लाकडी डावाच्या पाठीने कागद घासून घासून मी प्रती काढल्या. वर अंगठा, खाली खाचरं, रस्त्याकडेला आंब्यांची रांग आणि तिच्यामागे गोजाबाईचं घर. पाहुणे जाम वैतागले. वराच्या मामाने विचारलं, "हे पानी टाकून प्यायचं का तसंच?" पण चित्रं लोकांनी घरी नेली, कुडाला चिकटवली, ट्रंकांच्या तळाशी अंथरली. मी गोजाबाईला शब्द दिला की तुझ्या घरात जेव्हा जेव्हा लग्न होईल तेव्हा पाहुण्यांना हे चित्र मिळेल. शब्द मी पाळत आले. त्याच लग्नाची लेक, गोजाबाईची नात, म्हणजे दामिनी. ती परकरी पोर असताना शाईत हात बुडवून बसायची. आज माझ्यापेक्षा स्वच्छ प्रत काढते.

यंदा तिच्या भावाचं, ऋतिकचं, लग्न ठरलं आहे. मी तेव्हा असेन की नाही, हाच प्रश्न आहे.

प्रणयचं म्हणणं असं. मुंबईचे एक कलादालनवाले त्याला भेटले. ही फळी रीतसर मारावी, काढलेल्या प्रती जुन्या घरांतून शोधाव्यात, आणि फळी काचेत ठेवावी. "आत्या, तुझं नाव राहील गं. तुझ्यामागे कुणीही छापत बसलं तर ते तुझं चित्र राहील का?" पोराच्या मनात पाप नाही. त्याला माझं नाव मोठं व्हावं असं मनापासून वाटतं आणि असा पुतण्या मिळाला याचा मला आनंद आहे.

दामिनीचं म्हणणं ऐकून मात्र मी तिच्यावर ओरडले. रस्ता रुंद झाला आणि आंबे गेले. ती म्हणाली, "बाई, चित्रात आंबे हायेत, आमच्या दारात नाय. नवरीकडची मानसं इचारतील, कुठं गेली ही झाडं, तर काय सांगू? मी फळीतून तेवढी काढते."

"माझ्या फळीला पटाशी लावशील तर हात मोडीन," मी म्हटलं. लाकडाचं असं आहे की कोरून काढता येतं, परत भरता येत नाही. गेलेला आंबा गेला. शिवाय गोजाबाईनेही हट्ट धरला, "त्या आंब्याला हात लावू नको. त्यो माजा हाय. दारातला गेला, ह्यो तरी र्‍हाऊ दे."

मी पंधरवडाभर घुम्यासारखी बसून होते. वहिनी विचारायची, "आज कुठला डोंगर?" आणि मी म्हणायचे, कुठलाच नाही. शेवटी रिक्षाने वैशाखऱ्याला गेले. त्याच जागी बसले, जुनी प्रत मांडीवर घेतली आणि समोर पाहिलं. रस्त्याच्या कडेला नुसतं ऊन होतं. घर एकदम पुढे आल्यासारखं वाटत होतं. मी आयुष्यभर मुलांना एकच सांगितलं, आठवणीतून काढू नका, बाहेर जा, समोर दिसतं ते काढा. आणि स्वतः मात्र नसलेल्या झाडांवर हात ठेवून बसले होते. मनातून फार वाईट वाटलं. पण डोळ्यांना जे दिसलं ते दिसलं.

म्हणून या कलमान्वये ठरवून ठेवते ते असं.

वैशाखऱ्याची फळी मारू नये. काचेत ठेवू नये. विकू नये. ती दामिनीची. आंब्यांसकट शेवटची प्रत मी काल स्वतः काढली, ती गोजाबाईला दिली आहे. ती तिची आहे, दुसऱ्या कोणी मागू नये. प्रणय, तू रागावू नकोस. माझ्या मारलेल्या सगळ्या फळ्या तुझ्या. काचेत ठेव, दालनात लाव, नाव कर.

आज सकाळी दामिनीला ओटीवर बोलावून पटाशी तिच्या हातात दिली. तिला धीर होईना. मग मी तिच्या मनगटाला धरलं आणि रस्त्याकडचा पहिला आंबा आम्ही दोघींनी कोरून काढला. बाकीचे तिने एकटीने काढले. काम नीट झालं आहे.

दामिनी, पुढेही असंच कर. दर लग्नाच्या आधी त्या जागी जाऊन बस. जे समोरून गेलं असेल तेवढं कोरून काढ, आणि जे उभं आहे त्याला धक्का लावू नकोस. कोरता कोरता एक दिवस कागद कोरा निघाला तर तो कोरा कागदही पाहुण्यांना वाट, आणि प्यायचा कसा ते त्यांचं त्यांना ठरवू दे. या फळीच्या प्रतींवर यापुढे सही तुझी. माझं नाव तिथे नको. माझी शेवटची सही या कागदाखाली करते, तेवढी मला पुरे झाली.

ठिकाण: सापगाव, ता. शहापूर
दिनांक: १४ डिसेंबर २०२५

(सही) संघरत्ना पांडू उबाळे

वरील सही लिहून देणाऱ्या बाईंनी आमच्या दोघांच्या देखत केली, आणि आम्ही त्यांच्या देखत साक्षीदार म्हणून सह्या केल्या:

१. (सही) कोंडू धर्मा वाघ, शेजारी, सापगाव
२. (सही) सोनाली भाविक रोकडे, परिचारिका, शहापूर